काठीचा शेंडा

आमचे दाजी महादेवप्पा चिडले की आधी कानडीत जातात, आणि फारच चिडले तर मुके होतात. मार्केट यार्डात त्यांची भुसाराची आडत आहे. तिथले हमाल शेठच्या भाषेवरून दिवसाचा अंदाज बांधतात. मराठी चालली असेल तर चहा मिळेल. कानडी सुरू झाली तर पोती नीट लावा. शेठ गप्प असतील तर काहीतरी निमित्त काढून बाहेर पडा. सोलापूरच्या पंच्याहत्तर सालच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेत हा माणूस जवळपास सगळी जत्रा मुका राहिला, आणि त्याचं खापर घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या नावे मांडलं.

मी कल्लप्पा, त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. सात रस्त्याला माझं सायकल आणि मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणूस समोर आला की त्याची जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला मांडायची मला खोड आहे. या प्रकरणात कोणाच्याच खात्यावर शहाणपण जमा सापडेना, म्हणून माझाही राग अजून पुरता उतरलेला नाही.

सुरुवात शिवबाईने केली. शिवबाई म्हणजे माझी बहीण, दाजींची बायको. संक्रांत तोंडावर आलेली, घरी तीळ पाखडायचे पडलेले, कडक भाकऱ्यांची चळत लावायची राहिलेली, आणि ही भर सकाळी दुकानात येऊन काउंटरला हात टेकून उभी राहिली.

"अण्णा, चन्नवीर सकाळचा कुटं जातो?"

चन्नवीर तिचा एकुलता एक मुलगा. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता.

"कॉलेजात," मी म्हणालो.

"कॉलेज अकराला हाय. ह्यो दिस उगवायच्या आत जातो. येतो तवा केसात लाकडाचा भुसा आन् कपड्याला पेट्रोलचा वास. कॉलेजात सुतारकी शिकवतात व्हय?"

आमचं घर दुकानाच्या मागेच. माझी मुलगी दाक्षायणी वेणी घालत दारात आली होती. तीही त्याच कॉलेजात. तिला हसू आवरेना.

"आत्या, तुला खरंच ठाव न्हाय? आमच्या कॉलेजात समद्यांना ठाव हाय. गड्ड्यात मौतका कुवा आलाय ना, त्याच्यात गाडी चालवतो तो."

शिवबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. मला लगेच कळलं, कारण मी माझ्या मुलीचं तोंड बघत होतो. तिच्या तोंडावर अभिमान होता.

"आन् पडला म्हंजे?" मी विचारलं.

"तो?" दाक्षायणी म्हणाली. "तो कसा पडेल, बाबा?"

असं म्हणाली, जणू मी विचारलं होतं की शाळेची इमारत उठून चालायला लागली तर काय करायचं. वेणीला रिबीन बांधून ती आत गेली. कॉलेजातल्या तेवढ्या पोरापोरींना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकालाही घरी सांगावंसं वाटलं नव्हतं. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखा धोकाच नव्हता.

आम्ही तसेच होम मैदानावर गेलो. पाळणे अजून अर्धेच जोडलेले होते, खेळण्यांची दुकानं ताडपत्रीखाली झोपलेली. कुवा मात्र जागा होता. लाकडी फळ्यांचं एक अवाढव्य उभं पिंप, बाहेरून वर जायला जिना, आणि वर तोंडाशी गोल सज्जा, जिथं उभं राहून लोकांनी खाली बघायचं. जिना चढतानाच पायाखाली फळ्या थरथरत होत्या. शिवबाईने सज्ज्यावरून खाली वाकून बघितलं. खाली कोणी नव्हतं. मग ती समोर बघायला लागली आणि तिचा मुलगा तिच्यासमोरून गेला. भिंतीवर आडवा, जमिनीला समांतर, जावा मोटारसायकलवर. गेला, आणि पुन्हा आला, आणि पुन्हा गेला.

तिने तोंड उघडलं. सज्ज्यावर उभ्या असलेल्या एका उंच, लंगड्या माणसाने झटकन ओठावर बोट ठेवलं.

"आवाज नक्को, मा. उसकू उप्पर देखनेका नै. उप्पर देख्या तो गया."

तो मौलाली उस्ताद, कुव्याचा मालक. शिवबाईने तोंडात पदर कोंबला. तिने तो पदर काढेपर्यंत मी तिच्याकडे बघितलं नाही.

गाडी खाली आली, आवाज थांबला. चन्नवीर जिना चढून वर आला तो घामाने निथळत आणि हसत. आईला बघून हसू गेलं.

"कवापासनं?" ती म्हणाली.

"नवरात्रात तुळजापूरला गेलो होतो ना, तिथं ह्यो कुवा आला होता, तवापासनं. उस्तादनं शिकवलं."

"भ्या वाटत न्हाय?"

"वाटतं की. खाली वाटतं. किक मारताना पाय कापतात. वर गेलो की न्हाय वाटत, अव्वा. वर भ्यायला जागाच न्हाय. चाकाम्होरची फळी बघायची, बास. खरं सांगू? मला भ्या वाटतं ते आप्पाच्या आडतीवर बसल्यावर. हितंच बसून म्हातारा होईन म्हणून."

"आन् पडलास?" मी म्हणालो.

"मी कसा पडेन, मामा? पडतात ते पिऊन चढतात, न्हाय तर मधीच वेग सोडतात. मी दोनी करत न्हाय."

"मग हे उस्ताद लंगडतात ते काय पिऊन?"

उस्ताद हसला. "मैं बी येच बोलता था, मामा. पड्या उसके पैले दिन तलक."

चन्नवीरही हसला. त्याला वाटलं हा विनोद आहे. शिवबाईने पुढे होऊन त्याच्या कानाखाली एक वाजवली, आणि मग त्याच हाताने त्याच्या केसातला भुसा झाडायला लागली. मारण्यात आणि झाडण्यात जोर सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला जेवायला बोलावणं आलं. बोलावणं जेवायचं नव्हतं. बाप-लेकांच्या मध्ये बसायला एक माणूस हवा होता.

इथे काठीचं सांगायला हवं. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. आम्ही साधं काठी म्हणतो. घराच्या माळवदाच्याही वर जाईल एवढी उंच काठी, अंगावर साज, आणि ती एका माणसाने कमरेच्या पट्ट्यात उभी पेलून गर्दीतून चालायचं. दमला की दुसऱ्याने घ्यायची. दाजी मिसरूड फुटल्यापासून पेलणाऱ्यांतले. पेलणाऱ्याने पाय कुठं पडतो ते बघायचं नसतं, ते सोबतचे बघतात. त्याची नजर शेंड्यावर. शेंडा झुकला की कमर तिकडं गेली पाहिजे. चन्नवीर चड्डीत होता तेव्हापासून दाजींनी त्याला अंगणात छोट्या बांबूवर हे शिकवलं. 'एकदा भक्तलिंग बोला हर्र' अशी आरोळी द्यायची, आणि ती ऐकली की पोराने मान वर करून शेंडा धरायचा. खाली बघितलं तर हनुवटीला टिचकी. वर्षानुवर्षं चाललं हे. पोरगं झोपेत असलं आणि कानाशी आरोळी दिली, तर मान वर करायचं. आम्ही करून बघायचो आणि हसायचो.

तर जेवताना शिवबाईने सगळं सांगितलं. ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. दाजींनी घास खाली ठेवला.

"उद्यापासनं आडतीवर बसायचं," ते म्हणाले. अजून मराठी होती. "गड्ड्याकडं पाऊल टाकलंस तर तंगडी मीच मोडीन. कुव्यानं कशाला तरास घ्यायचा."

"आन् तुमी काठी पेलता ते?" चन्नवीर म्हणाला.

"काठी आन् ते डोंबाऱ्याचं काम एक व्हय रे?"

"डॉक्टरनं काय सांगितलंय तुमाला? अंतर्गळ हाय, जड उचलायचं न्हाय. आतडं अडकलं तर पोट फाडावं लागंल म्हणाला. पट्टा बांधून हिंडता तुमी."

दाजींनी बायकोकडे बघितलं. "तू सांगितलंस ह्याला?"

"मी कशाला सांगू? तुमचा पट्टा मी धुते, वाळत काय देव्हाऱ्यात घालू? त्याला डोळे हायत."

"ते देवाचं काम हाय. देव बघंल."

"मग डॉक्टरकडं कशाला गेला होता?"

"सुम्न कुंद्रु," दाजी म्हणाले. गप बस. कानडी आली होती. मी माझं ताट जरा मागं ओढलं.

"न्हाय गप बसत. तुमी पडला तर लोक तुमच्या पाया पडतील. मी पडलो तर माज उतरला म्हणतील. हाड मोडायचं ते दोगांचं सारखंच मोडतं की." चन्नवीरने हातातली भाकरी वर धरली. "असं करू, आप्पा. तुमी यंदा काठी सोडा, मी गाडी सोडतो. जन्मात हात लावणार न्हाय. ही भाकरी हाय हातात."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एवढा मोठा शब्द देताना माणसाच्या तोंडावर काहीतरी हलतं. याच्या हललं नाही. आपण कुव्यात पडणार नाही याची त्याला जेवढी खात्री होती, तेवढीच खात्री बाप काठी सोडणार नाही याची होती. देणं कधी अंगावर येणारच नाही या हिशेबाने तो सही करत होता. अशा सह्या मी दुकानात रोज बघतो, पण त्या परक्यांच्या असतात.

दाजी मुके झाले.

"आन् माझं काय?" शिवबाई म्हणाली. ती आतापर्यंत उभीच होती. "मला इच्यारलं का कुणी? एकाच्या पोटाचा पट्टा, एकाच्या डोस्क्यातला भुसा. दोनी मीच धुवायचं, आन् ही दोगं बसून एकमेकाला शानपण शिकवत्यात. खायचं हितं, आन् मरायचं मात्र लोकांम्होरं, लोकांनी बघितलं पायजे."

आणि तिने दोघांच्या पुढची ताटं अर्धवट जेवलेली उचलली. माझंही उचललं. मी काय केलं होतं, कोण जाणे.

चन्नवीरने दुसऱ्या दिवशी आडतीवर पाऊल ठेवलं नाही. संध्याकाळी मला दाक्षायणीकडून कळलं, की आज तो लोकांसमोर चालवणार आहे, पहिल्यांदाच, आणि अख्खा वर्ग तिकीट काढून चाललाय. तीही चालली होती, नवी साडी नेसून. मी तिला जाऊ नको म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, तुमी सुद्धा या की. घरचाच हाय." मी दुकान उघडंच टाकून मार्केट यार्डाकडे गेलो आणि दाजींना सांगितलं. ते गादीवरून उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. दोन दिवसांनी काठ्या निघायच्या होत्या.

"कानाला धरून आणतो," एवढंच म्हणाले, तेही मैदानाच्या फाटकाशी.

कुव्याबाहेर कर्णा ओरडत होता, "सोलापूर का शेर, सोलापूर का बच्चा, देखो देखो." दाजींनी तिकीट काढलं नाही. तिकिटाच्या पोराने त्यांचा चेहरा बघितला आणि मागितलंही नाही. जिन्यावर माणसांची रेटारेटी होती, दाजी त्यातून पोत्याच्या थप्पीतून वाट काढावी तसे वर गेले. मी मागं. सज्ज्यावर पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. समोरच्या बाजूला दाक्षायणी आणि तिच्या मैत्रिणी, आमच्या बाजूला वळसंगकडची शेतकरी मंडळी, डोक्याला पटके, तोंडं उघडी. खाली चन्नवीर तळाच्या उतरंडीवर फेऱ्या मारत होता. मग फळ्या कडाडल्या आणि तो भिंतीवर चढला.

दाजी तोंड उघडून ओरडणार होते, "खाली ये." ते मला दिसलं. पण ओरडले नाहीत. गाडी वर वर येत गेली. चन्नवीर आडवा, पाठ ताठ, मान सरळ, नजर चाकापुढच्या फळीवर. आमच्या गुडघ्याच्या उंचीवर आला आणि त्याने हँडलवरचे दोन्ही हात सोडले. हात बाजूला पसरून तो आमच्या पायांजवळून गेला. सज्जा आमच्यासकट हलत होता.

मी दाजींकडे बघितलं. रागाने आलेला माणूस कुठं गेला होता कोणास ठाऊक. गळ्याच्या शिरा ताठ, डोळ्यांत पाणी, कमर नकळत पोराच्या दिशेने कललेली, जसा शेंडा झुकला की कलते तशी. पोराने पाठ कशी धरलीय, तोल कसा घेतलाय, ते फक्त त्यांनाच कळत होतं. त्यांचंच शिकवणं होतं ते, अंगणातलं. चन्नवीर दुसऱ्यांदा हात सोडून आला आणि दाजींच्या गळ्यातून ती आरोळी निघाली. सगळ्या यात्रेत ऐकू जाणारी.

"एकदा भक्तलिंग बोला हर्र"

"बोला हर्र," वळसंगच्या मंडळींनी साथ दिली, सवयीने.

आणि चन्नवीरने मान वर केली.

शेंडा शोधला त्याने. वर शेंडा नव्हता, कापडी छत होतं. मान वर गेली तशी कमर गेली, कमर गेली तसं चाक. गाडी फळीवरून खरवडत खाली गेली आणि तो तिच्या मागून. आवाज फार मोठा झाला नाही. तेच मला अजून खटकतं.

उजव्या खांद्याचं हाड मोडलं, दंडाचं मोडलं, बरगड्यांना मार. डोकं शाबूत. डॉक्टरांनी आतून निरोप पाठवला तेव्हा शिवबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचली होती, पायात चपला नव्हत्या.

"कसा पडला?" तिने विचारलं.

दाक्षायणी रडत रडत म्हणाली, "आत्या, गाडीच खराब होती. न्हाय तर तो पडलाच नसता. समदे तेच म्हणतायत." मला माझ्या मुलीचा इतका राग आयुष्यात आला नव्हता. तो पडला होता, आत प्लास्टर चाललं होतं, आणि या पोरांच्या लेखी तो अजूनही पडणाऱ्यांतला नव्हता. खोट गाडीची होती. दुसऱ्या गाडीवर ती पुन्हा टाळ्या वाजवायला तयार होती.

मौलाली म्हणाला, "गाडी अच्छी थी, बेटी. उप्पर देख्या वो."

"त्याला म्हाईत हाय वर बघायचं न्हाय. मग का बघितलं?" शिवबाई म्हणाली.

मी बाकाच्या पायाकडे बघत राहिलो. दाजी भिंतीला टेकून उभे होते.

"मी आरोळी दिली," ते म्हणाले.

शिवबाई त्यांच्याजवळ गेली. तिचा आवाज वाढला नाही. "वरडायला गेला होता का तुमी? वडून आणायला गेला होता ना? रागानं गेला होता की."

"रागानंच गेलो होतो."

"मग?"

दाजींनी सांगायचा प्रयत्न केला. हात वर केला, भिंतीसारखा उभा धरला, दुसरा हात त्याच्यावर आडवा फिरवला. हात खाली घेतले.

"चांगलं चालवत होता व्हय?" शिवबाई म्हणाली. हे तिने इतक्या तिरस्काराने विचारलं, की उस्तादसुद्धा दोन पावलं मागं सरकला.

"व्हय," दाजी म्हणाले.

काठ्या निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दाजी पांढरी बाराबंदी घालून तयार होते, फेटा बांधलेला. शिवबाई डबा घेऊन दवाखान्यात निघाली होती. तिने त्यांना अडवलं नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. आम्ही दोघं गेलो. गर्दी जमली होती, पांढऱ्या कपड्यांचा समुद्र. दाजींची पाळी आली तसा त्यांनी काठी पेलायचा कमरेचा पट्टा सोडला आणि शेजारी उभ्या असलेल्या निंगप्पाच्या कमरेला बांधला. निंगप्पा त्यांच्या आडतीवरच्या हिशेबनिसाचा मुलगा, काठी पेलायला नवा नव्हता. दाजींनी पट्टा असा आवळला, की तो म्हणाला, "आप्पा, जीव घेता काय माझा?"

"तुझा न्हाय," दाजी म्हणाले.

काठी उभी राहिली. आरोळी उठली. सगळ्या माना वर गेल्या, माझीसुद्धा. दाजींची गेली नाही. ते निंगप्पाच्या पायांकडे बघत होते. त्याच्या पुढून चालत होते, वाकून, वाटेतले खडे, दगड, नारळाच्या करवंट्या पायाने उडवत. एका दगडाला त्यांनी अशी लाथ घातली, की तो गटारापलीकडे गेला. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे कोणीतरी असंच वाकून चाललं असणार. तो कोण होता, हे त्यांना सांगता आलं असतं असं मला वाटत नाही.

पाळी संपली तसे ते बाराबंदीतच दवाखान्यात गेले. चन्नवीर उशीला टेकून बसला होता, छातीपासून कोपरापर्यंत प्लास्टर. आम्हाला बघून म्हणाला, "मामा, हाड दोन महिन्यांत जुळतंय म्हणाले डॉक्टर. उस्तादचा कुवा तवा गुलबर्ग्याला असणार. मी ह्या चुकीचं औषध शोधून ठेवलंय. कानात बोळे घालायचे."

दाजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"काठी सोडली," ते म्हणाले.

"कुणी?"

"मी. निंगप्पाला दिली. भाकरी हातात घेऊन बोलला होतास तू."

चन्नवीरला ते कळलं तसं त्याचं तोंड लाल झालं. कुव्यात पडताना दिसलं नसेल ते त्या तोंडावर आता दिसत होतं. भीती.

"मी बोललो ते तुमी सोडणार न्हाय म्हणून बोललो."

"ठाव हाय मला."

"तुमी मुद्दाम सोडली."

"व्हय, मुद्दाम."

"हे बरं न्हाय, आप्पा. तुमी वरडला म्हणून मी पडलो, आन् वर मलाच बांधून घालता? मी कुणाला बोललोय का, की तुमच्यापायी पडलो म्हणून? एका शब्दानं बोललोय?" त्याचा आवाज फुटला. "उलटं मला बरं वाटलं होतं. तुमी आरोळी दिली म्हणून. पडतापडता सुद्धा बरं वाटलं होतं."

खाटेशेजारी शिवबाई डब्याचं झाकण लावत होती. तिने ते झाकण असं ठोकून बसवलं, की आम्ही तिघांनीही तिच्याकडे बघितलं.

"बोलला होतास का न्हाय?" ती म्हणाली.

"बोललो होतो."

"मग संपलं."

संपलं नव्हतं. घरी आणल्यावर चन्नवीर बापाशी बोलेना, बाप मुकाच होता. जत्रा उलगली, मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उरले. कुव्याच्या फळ्या ट्रकात चढल्या तसा मौलाली निरोप घ्यायला आला. मीही तिथंच होतो. तो पायरीवर बसला, पाय लांब करून.

"हड्डी जुड्या कि आ जा, शेर. गुलबर्गे में जगा रखता मैं."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज चालला होता. तो थांबला.

चन्नवीर खालमानेने म्हणाला, "न्हाय येत, उस्ताद."

"कायकू?"

"भाकरी हातात घेऊन बोललोय."

"तो खा डाल ना वो भाकर," मौलाली म्हणाला. तो उठला, चन्नवीरच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, आणि लंगडत गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत चन्नवीर बघत राहिला. भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

बऱ्याच वेळाने दाजींनी घसा साफ केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पोराशी बोलले.

"हात सोडल्यावर गाडी मांड्यांनी धरायची का?"

"मांड्यांनी न्हाय. कमरेनं," चन्नवीर तुटकपणे म्हणाला.

"वाटलंच मला."

मग चन्नवीर म्हणाला, "निंगप्पाच्या कमरेला काठी बघून कसं वाटलं?"

"त्याला पेलता येत न्हाय. शेंडा हालत होता, म्हणतात. मी बघितला न्हाय." दाजींनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि आवाज उतरवला. "तिनं त्या दिवशी ताट उचललं नसतं तर मी सोडलीच नसती. भुकेला माणूस काय बी ठरवतो."

"तिनं तवा भाकरी वाढलीच नसती, तर मी हातात घेऊन बोललो नसतो," चन्नवीर म्हणाला.

मी बघतच राहिलो. दोघांनाही आपापल्या नुकसानीला एकच खातं सापडलं होतं, आणि ते माझ्या बहिणीच्या नावाचं होतं. इतक्या दिवसांचा अबोला त्या एका तक्रारीवर मिटला.

शिवबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तुमाला जेवाय घातलं. चिडा माझ्यावर, दोगं मिळून चिडा. जित्ते हाय तवर चिडा. आता उठा, पानं वाढलीत."

दोघं उठले. दोघांची तोंडं एकसारखी फुगलेली. पानावर बसल्यावर चन्नवीरने डाव्या हाताने कडक भाकरी उचलली. एका हाताने ती मोडेना. त्याने ती ताटाच्या कडेवर आपटली, पुन्हा आपटली. दाजींनी त्याच्याकडे न बघता ती हिसकावून घेतली, दोन्ही हातांत धरून कडाकड मोडली आणि तुकडे त्याच्या ताटात टाकले, इतक्या रागाने, की एक तुकडा बाहेर उडाला.

शिवबाईने तो उचलला आणि परत दाजींच्या हातात दिला.

"बारीक करा," ती म्हणाली. "डाव्या हातानं खायचंय त्याला."